भोपाळचा अहवाल आणि सत्तरीतले माकड

देशात कोठेही कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तळ्याकाठी बदके माना टाकू लागली किंवा एखाद्या शाळेच्या आवारात कावळे पडू लागले, की बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : ‘नमुने भोपाळला पाठविण्यात आले आहेत.’ मराठी वाचक हे वाक्य गेली अनेक वर्षे वाचत आला आहे. २००६ मध्ये ते नवापूरच्या बातमीत होते, २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याच्या, तर २०२५ च्या आरंभी उदगीरच्या कावळ्यांच्या आणि नागपूरजवळच्या गोरेवाड्यातील वाघांच्या. सर्वसामान्यांना भोपाळ म्हटले की १९८४ चे वायुकांड आठवते. पशुवैद्यकांना मात्र त्या नावासरशी शहराच्या आनंदनगर भागातील एक कडेकोट इमारत आठवते. ती आहे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था.

इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची एक प्रयोगशाळा म्हणून तिचा आरंभ झाला. २००९ मध्ये पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून तिला मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये तिला स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेचा दर्जा देण्यात आला. आतल्या खोल्यांतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडले तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडली जाणारी हवा गाळली जाते, सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडले जात नाही आणि काम संपवून निघणाऱ्याला स्नान करूनच बाहेर पडता येते. बर्फाच्या पेटीतून आलेल्या मृत पक्ष्याच्या घशातील व गुदमार्गातील स्रावाची येथे जनुकीय चाचणी होते. विषाणू वाढवून पाहायचा असेल तर तो कोंबडीच्याच गर्भधारी अंड्यात टोचला जातो.

या इमारतीच्या नोंदी चाळल्या तर देशात कोणता पशुरोग कधी शिरला याची बखरच हाती लागते. २००६ चा बर्ड फ्लू येथेच निश्चित झाला. २०१९ मध्ये ओडिशातील गुरांच्या अंगावर आलेल्या गाठी म्हणजे ‘लम्पी’ असल्याचे येथेच ठरले. पुढे २०२२ मध्ये त्याच रोगाने गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रातील गोठे रिकामे केले आणि देशभरात लाखाहून अधिक गुरे दगावली. २०२० मध्ये आसाम, अरुणाचलातील डुकरांमधील आफ्रिकन स्वाइन फीव्हरवरही येथूनच शिक्कामोर्तब झाले. यांपैकी लम्पी आणि डुकरांचा हा ताप माणसाला होत नाही, हे सांगणे अगत्याचे आहे. कारण २०२२ मध्ये दुधाविषयी पसरलेल्या अफवांनी गवळ्यांचे रोगाइतकेच नुकसान केले होते.

देशाला अशी संस्था लाभली हे भाग्यच. परंतु ‘नमुने भोपाळला पाठविले’ या वाक्याने वाचकाला जो दिलासा मिळतो, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि प्रश्न विचारण्याचे काम भोपाळमध्ये होत नाही. ते गोठ्यात, रानात, बाजारात आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्हावे लागते. तेथे प्रश्न उशिरा सुचला किंवा चुकीचा विचारला गेला, तर जगातील उत्तमोत्तम यंत्रेही काही करू शकत नाहीत.

याचे चांगले उदाहरण केरळात घडले. मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली आणि अधिकृत आकड्यानुसार १७ जणांचा बळी गेला. पहिल्या बाधित कुटुंबाच्या विहिरीत वटवाघळे सापडली होती. ती आणि परिसरातील डुकरे, गुरे, शेळ्या यांचे नमुने घाईघाईने भोपाळला गेले. सारे निर्दोष निघाले. वटवाघळांवर उगाच आळ आला, असा सूर त्या अहवालानंतर लगेच उमटला. वस्तुतः विहिरीतील वटवाघळे कीटक खाणारी होती. निपाहचा विषाणू बाळगणारी जात फळे खाते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नंतर फळे खाणारी वटवाघळे पकडून तपासली, तेव्हा त्यांच्यात विषाणू सापडला. भोपाळचा पहिला अहवाल अचूकच होता, परंतु तो भलत्याच प्राण्याविषयी होता.

नवापूरची गोष्ट याहून जुनी आहे, आणि अधिक बोचरीही. नंदुरबार जिल्ह्यातील या गावात २००६ च्या आरंभी कोंबड्या हजारोंनी मरत होत्या. कुक्कुटपालकांना ती नेहमीची मानमोडी, म्हणजे रानीखेत वाटली. तसे वाटणे अगदीच चुकीचे नव्हते. दोन्ही रोगांत कोंबडी गळून पडते, मान टाकते आणि दोन्हींत मर मोठी असते. शिवाय बर्ड फ्लू तोवर भारतात कधी आढळलेलाच नव्हता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या निष्कर्षावरून सरकारने पहिला उद्रेक जाहीर केला आणि मग लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर भागातही रोग सापडला. त्या काळात मुंबई-पुण्याच्या बाजारात कोंबडीचा भाव किती कोसळला होता, हे त्या व्यवसायातील माणसे अजून विसरलेली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूर पुन्हा त्याच कारणाने बातमीत आले.

येथे एक आर्थिक गाठ आहे. रोग निश्चित झाल्यावर बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, अशी केंद्राची कार्यपद्धती आहे. मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मीनिम्मी देतात. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मात्र भरपाई नाही. कागदावर यात शहाणपण आहे : जो लवकर कळवील, त्याचे अधिक पक्षी भरपाईच्या हिशेबात येतील. प्रत्यक्षात मोठ्या व्यावसायिकालाच हे गणित ठाऊक असते. परसात पंधरा-वीस गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी दोन कोंबड्या मेल्यावर पशुवैद्यकाकडे जावे असे वाटण्याचे काही कारण नसते. ती मेलेल्या ओढ्यात टाकते, उरलेल्यांतली आजारी वाटणारी कापून शिजवते आणि धडधाकट दिसणाऱ्या आठवडी बाजारात विकते. तिला दोष देणे सोपे आहे. तिला आधी कोणी काय सांगितले होते, हे विचारणे तितके सोपे नाही.

माणसात शिरलेला पक्ष्यांचा विषाणू आपल्याकडे कसा सापडतो, याचा एक दाखला मेळघाटातला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या एका तान्ह्या मुलाला ताप-खोकला झाला. या भागात बालमृत्यू अधिक असल्याने ९३ गावांमध्ये लहान मुलांच्या श्वसनविकारांचा अभ्यास चालू होता. शोध वेगळ्याच एका विषाणूचा होता. त्या निमित्ताने घेतलेल्या स्रावात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एच९एन२ हा कोंबड्यांमधील इन्फ्लुएंझा सापडला. देशातील माणसातली ती पहिली नोंद. मूल बरे झाले. अभ्यास चालू नसता तर तो सर्दी-पडसे म्हणून विसरला गेला असता. मेळघाटच्या डोंगरापलीकडे मध्य प्रदेश लागतो आणि कोंबड्यांचा व्यापार राज्याची सीमा पाहून होत नाही. अशी किती मुले अभ्यासाबाहेरच्या गावांत आजारी पडली आणि बरी झाली किंवा झाली नाहीत, याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

गेल्या काही वर्षांत या विषाणूने पक्ष्यांची हद्द ओलांडली आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात इंदूरच्या डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडले, राजस्थानात झालावाडला तसेच झाले, हिमाचलच्या पोंग जलाशयावर स्थलांतरित पट्टकादंब हजारोंनी मेले आणि केरळात आलप्पुळा-कोट्टयमच्या बदकपालकांचे कंबरडे मोडले. तोवर ही पक्ष्यांचीच साथ होती. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातील एका बालकाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला आणि देशातील पहिला मानवी बळी नोंदला गेला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. माणूस आणि वन्यजीव यांच्या संघर्षामुळे चंद्रपूर भागातून हे वाघ तेथे आणले होते. जानेवारीत भोपाळहून आलेल्या अहवालात एच५एन१ होता. त्यांना खाऊ घातलेल्या कच्च्या मांसाकडे संशयाचे बोट वळले. गावात गुरे मारतो म्हणून पकडलेला वाघ पिंजऱ्यात ‘सुरक्षित’ झाल्यावर कोंबडीच्या रोगाने मरावा, यातला विपर्यास विदारक आहे.

त्याच सुमारास, नागपूरपासून फार दूर नसलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरे मेली. तीही एच५एन१ ची. भारतात घरगुती मांजरांत या रोगाची ती पहिलीच नोंद होती. कोंबडीबाजार बंद करावा लागला. मांजरांच्या मालकांचे नमुने तपासले गेले आणि सुदैवाने कोणी बाधित निघाले नाही. मांजर हा प्राणी येथे महत्त्वाचा आहे. ते रस्त्यावर कोंबडीचे आतडे खाते आणि रात्री घरात अंथरुणाशी येऊन झोपते. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये टेक्सास व कॅन्ससच्या गोठ्यांत दुभत्या गायींना हाच विषाणू जडल्याचे उघड झाले, तेव्हाही गोठ्यावर कच्चे दूध पिणारी मांजरे मरू लागली होती. रोगाचा पहिला साक्षीदार बहुधा प्राणीच असतो, आणि आपल्या व्यवस्थेत त्याची साक्ष नोंदवून घ्यायला कोणी नसते. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या समाजाला एरवी मेलेला कावळा दिसला तर तो काठीने बाजूला सारला जातो.

उलटा प्रवासही घडतो, हे करोनाने दाखवून दिले. जून २०२१ मध्ये चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयातील सिंह आजारी पडले. भोपाळने त्यांच्यात करोना असल्याचे सांगितलेच, शिवाय तो त्या वेळी माणसांत थैमान घालणारा डेल्टा प्रकार असल्याचेही जनुकक्रम लावून दाखविले. सिंहांनी तो माणसाकडून घेतला, याहून वेगळा निष्कर्ष निघणे कठीण होते.

हे सारे गोमंतकापासून दूरचे वाटेल. भोपाळ दूर आहे, छिंदवाडा दूर आहे, गोव्यात मोठे कुक्कुटपालनही नाही. पण याच कारणाने गोवा बेफिकीर राहू शकत नाही : येथे लागणारी कोंबडी आणि अंडी मोठ्या प्रमाणात बेळगाव आणि महाराष्ट्रातून येतात, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या पशुवैद्यकाने वेळीच प्रश्न विचारला की नाही यावर पणजीच्या बाजारातील माल अवलंबून असतो. स्थलांतरित पक्षी भोपाळच्या मोठ्या तलावावर उतरतात तसे करमळीच्या तळ्यावरही उतरतात. भोपाळचा तो तलाव २००२ मध्ये रामसर यादीत गेला, तर गोव्यातील नंदा तळे २०२२ मध्ये. थंड पाण्यात पक्ष्यांच्या विष्ठेतील विषाणू दिवसेंदिवस तग धरतो. तळ्याकाठी परसातील बदके सोडणे आणि कोंबडीचे अवशेष पाण्यात टाकणे या सवयी दोन्ही ठिकाणी सारख्याच आहेत. बड्या तलावाचे पाणी तर भोपाळचा मोठा भाग पितो.

गोव्याचा खरा धडा मात्र पक्ष्यांचा नाही. तो माकडाचा आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. आधी हा पीतज्वर असावा, अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, नवा विषाणू शोधून काढला आणि त्याला त्या जंगलाचेच नाव मिळाले. सत्तरी-दोडामार्गकडे त्याला माकडताप म्हणतात. विषाणू गोचिडीतून येतो. माकड तापाने मरते तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात आणि तेथे बसणाऱ्या, चालणाऱ्या माणसाला चावतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. गुरे आजारी पडत नाहीत, पण रानात चरणारी गुरे गोचिडींची पैदास वाढवितात. जंगल तुटून तेथे लागवड आली, गुरे आली, माणसे आली की माकड, गोचीड आणि माणूस एकाच पाचोळ्यावर येतात. लागण झालेल्या शंभरांपैकी तीन ते पाच जण दगावतात. जुन्या लशीचा परिणाम अपुरा पडल्याने तिचा वापर थांबला आणि नवी लस घडविण्याचे काम हाती घ्यावे लागले.

पन्नासेक वर्षे हा रोग कर्नाटकच्या मोजक्या भागात अडकून होता. २०१२ नंतर तो सह्याद्रीच्या दोन्ही दिशांना सरकला : दक्षिणेला बंदीपूर, वायनाड, उत्तरेला २०१५ मध्ये सत्तरीतील पाली आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग. गोचिडींची पिल्ले सर्वाधिक असण्याचा काळ आणि काजूचा हंगाम एकच, साधारण जानेवारी ते मे. बोंडू वेचायला वाकणारी, पाचोळ्यात बसून बिया वेगळ्या करणारी, भट्टीसाठी सरपण गोळा करणारी माणसे नेमकी त्याच दिवसांत रानात असतात. हुर्राकाच्या पहिल्या धारेची चव घेणाऱ्या पणजीकराला या श्रमाची कल्पना असतेच असे नाही.

२०१६ मध्ये एक प्रकार असा घडला की जो या साऱ्या प्रश्नाचे सार सांगतो. बेळगाव जिल्ह्यातून काजूच्या कामासाठी सत्तरीत आलेले मजूर आजारी पडले. लागण गोव्याच्या बागायतीत झाली होती, माणसे कर्नाटकची होती. हंगामी मजूर तापाने अंथरुण धरतो तेव्हा तो बहुधा आपल्या गावी परततो. तेथल्या डॉक्टरला तो कोठून आला, कोणत्या रानात बसला होता, तेथे माकडे मेली होती का, हे ठाऊक नसते. बागायतदाराला आपला मजूर कशाने गेला हे कळत नाही. एका राज्याच्या वहीत रुग्ण राहतो, दुसऱ्याच्या रानात रोग राहतो. त्या वेळी संशोधकांनी मजुरांचा माग काढून दोन्ही टोके जुळवली, म्हणून हे उजेडात आले. दर हंगामात असा माग कोण काढणार?

मेलेले माकड तर आणखी अनाथ. ते वन्यप्राणी, म्हणून वनखात्याचे. त्याचे शवविच्छेदन पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरने करायचे. त्याच्याभोवतीच्या परिसरात कीटकनाशकाची भुकटी टाकायची आणि गावात डीएमपी तेल वाटायचे ते आरोग्य खात्याने. शव खासगी बागायतीत पडले असेल तर मालकाची गोष्ट वेगळीच; माकडांनी पीक नासल्याचा राग मनात असलेला बागायतदार ते गुपचूप पुरून टाकतो, कारण कळवले तर चौकशी आपल्याच मागे लागेल अशी त्याला भीती वाटते. शव कुजले की नमुना निरुपयोगी होतो. म्हणजे माणसांवर येणाऱ्या तापाची जी सूचना रान आधीच देते, ती तीन खात्यांच्या आणि एका भीतीच्या मध्ये हरवते.

‘एक आरोग्य’ हे नाव आज परिषदांतून गाजते आहे. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकच, असा त्याचा अर्थ. केंद्राने राष्ट्रीय एक आरोग्य अभियान आखले, त्यात डझनभर मंत्रालये आणि विभाग आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. कर्नाटक आणि उत्तराखंडात पशुसंवर्धन विभागाने प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेरला ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाची रंगीत तालीम झाली. कल्पित साथ आली तर पशुवैद्यक, डॉक्टर आणि वनाधिकारी एकमेकांना किती लवकर कळवतात हे तीत पाहण्यात आले. हे सारे योग्यच आहे. गंमत अशी की ही कल्पना राज्यघटनेत पहिल्यापासून आहे. सार्वजनिक आरोग्य आणि पशुरोगप्रतिबंध हे विषय राज्यसूचीत आहेत, वन्यप्राण्यांचे रक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. परंतु त्याच समवर्ती सूचीची २९ वी नोंद माणसे, जनावरे आणि वनस्पती या तिघांनाही ग्रासणारे सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देण्याविषयी आहे. घटनाकारांनी तिघांना एका ओळीत बसविले. त्यांना तीन इमारतींत, तीन सचिवांकडे आणि तीन वेगळ्या नोंदवह्यांत विभागण्याचे काम पुढे प्रशासनाने केले.

या बाबतीत गोव्याच्या खात्यावर एक खरेखुरे यश जमा आहे आणि त्याची चर्चा राज्यात व्हावी तितकी होत नाही. रेबीजविरुद्धची मोहीम. राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून दरवर्षी लाखाच्या जवळपास कुत्र्यांना लस टोचली, गावोगावच्या शाळांत मुलांना सांगितले आणि संशयित कुत्रा दिसला की कळविण्यासाठी दूरध्वनी क्रमांक दिला. कुत्रा संशयास्पद निघाला तर त्याने कोणाला चावले याचा शोध लगेच सुरू होतो. म्हणजे पशुवैद्यकाकडची माहिती त्याच दिवशी डॉक्टरकडे जाते. २०१७ नंतर काही वर्षे राज्यात माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. असा मान मिळविणारे ते देशातील पहिले राज्य. कुत्र्यांतील रेबीज पूर्णपणे संपलेला नाही आणि शेजारी राज्यांतील लस न टोचलेली कुत्री सीमेवर अडत नाहीत, म्हणून मोहीम थांबविता येत नाही. तरीही मुद्दा सिद्ध झाला आहे. मृत्यू माणसांचे होते, उपाय कुत्र्यांवर झाला.

रेबीजला जे जमले ते माकडतापाला का जमू नये? फरक आहेत, ते मान्य करायला हवेत. माकडाला लस टोचता येत नाही. गोचीड मोजता येत नाही. आणि रेबीजचे नाव काढले तर पर्यटक बिचकत नाही, मोहिमेचे कौतुकच होते. उलट मेलेली माकडे आणि मेलेले पक्षी यांची बातमी झाली की पर्यटनाला, काजूला, कोंबडीच्या भावाला धक्का बसेल अशी धास्ती उमटते. ती अगदीच निराधार नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात भाव कोसळलेच होते. पण लपविल्याने धक्का टळत नाही, पुढे ढकलला जातो आणि वाढतो. नीट शिजवलेले मांस आणि अंडे खाण्यास हरकत नाही, हे अहवालासोबत त्याच दिवशी सांगितले तर लोक ऐकतात. चार दिवस कुजबुज होऊ देऊन मग सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही.

माहितीच्या बाबतीत भोपाळ हे शहर फार महागात शिकले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसे डोळे चोळत, धापा टाकत येत होती आणि डॉक्टरांना तो कोणता वायू आहे, त्यावर उतारा काय, हे कोणी धड सांगत नव्हते. ज्यांच्याकडे माहिती होती ते वेगळ्या आवारात होते. ज्यांना ती हवी होती ते वेगळ्या. तो रोग नव्हता, तो अपघात होता आणि दोन्हींची तुलना एका मर्यादेपलीकडे नेऊ नये. पुढे त्याच शहरात २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पर्यावरणीय आरोग्य संस्था उभी राहिली. म्हणजे जनावरांच्या रोगांची देशातली सर्वांत सुरक्षित प्रयोगशाळा आणि माणसाच्या आरोग्यावर पर्यावरणाचा परिणाम अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था एकाच शहरात आहेत. एक कृषी परिषदेकडे, दुसरी वैद्यकीय परिषदेकडे.

गोव्यात अंतरे याहून कमी आहेत आणि तोच या राज्याचा मोठा लाभ आहे. वाळपईत सरकारी रुग्णालय आहे, पशुवैद्यकीय दवाखाना आहे, वनखात्याचे कार्यालयही आहे; एकाकडून दुसऱ्याकडे चालत जाता येईल. उत्तर प्रदेशात किंवा मध्य प्रदेशात अशा तीन अधिकाऱ्यांची भेट घडवायची तर जिल्हाधिकाऱ्याला बैठक बोलवावी लागते. येथे गरज आहे ती नव्या इमारतीची नव्हे, तर एका सामाईक वहीची : या आठवड्यात कोठे माकड मेले, कोठे कोंबड्यांची मर झाली, कोणत्या वाड्यावरचे किती जण तापाने आले आणि त्यांतले किती जण रानात जात होते. ती वही दोडामार्ग आणि खानापूरलाही त्याच दिवशी वाचायला मिळायला हवी. मजुराच्या केसपेपरवर ‘राहणार’ या रकान्याच्या शेजारी ‘गेल्या पंधरवड्यात कोठे काम केले’ असा आणखी एक रकाना लागेल. मृत माकड कळविणाऱ्या बागायतदाराला चौकशीची धास्ती न देता धन्यवाद द्यावे लागतील आणि परसातील कोंबड्या मेल्याचे वेळेवर सांगणाऱ्या बाईला, ‘फक्त दोनच मेल्या ना?’ असे म्हणून परत पाठवून चालणार नाही. पुणे आणि भोपाळचे काम त्यानंतर सुरू होते. अहवाल आला की तो केवळ खात्याच्या सचिवाकडे जातो, की नमुना ज्याच्या परसातून उचलला त्यालाही कळतो, हेही एकदा ठरवून घ्यावे लागेल.

डोंगरउतारावरच्या काजूला मोहोर येतो तेव्हा थंडी असते. पहिली बोंडे पिकायला लागली की बेळगावकडून मजुरांच्या टोळ्या घाट उतरून येतात, खोपी शाकारतात आणि पाचोळा झाडून जागा करतात. त्याच आठवड्यांत गोचिडींची पिल्ले पाचोळ्यातून वर चढत असतात. गेल्या हंगामात त्या उतारावर माकड मेले होते का, हे त्या टोळीच्या मुकादमाला आज सांगू शकेल असा माणूस तालुक्यात कोण आहे, एवढे तरी मोहोर येण्याआधी ठरायला हवे.